माल उधारीवर, कर रोखीने

"पार्टीचं पेमेंट आलं की लगेच जीएसटी भरतो."

महाराष्ट्रातल्या कुठल्याही एमआयडीसीजवळच्या सीएच्या ऑफिसात महिन्याच्या १८-१९ तारखेला तासभर बसा, हे वाक्य कानावर पडणारच. म्हणणारा बहुतेक वेळा खरं बोलत असतो. माल गेलाय, बिल झालंय, पैसे यायचेत. त्याला कर बुडवायचा नाहीये, त्याच्याकडे आत्ता पैसे नाहीत एवढंच. पण कर बुडवणारा आणि कर भरू न शकणारा यांच्यात आपला कायदा फरक करतो का? करतो, पण तो आपल्याला वाटतो तसा नाही. काही ठिकाणी तर नेमका उलटा आहे.

आधी पैसे कुठे अडकतात ते पाहू. समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एकाचं छोटं मशीन शॉप आहे. ५ एप्रिलला त्याने १० लाखांचे सुटे भाग एका मोठ्या कंपनीला पाठवले. १८ टक्क्यांनी जीएसटी १ लाख ८० हजार. कच्चा माल त्याने ६ लाखांचा घेतला होता, त्यावर भरलेले १ लाख ८ हजार त्याला क्रेडिट म्हणून मिळतात, म्हणजे देण्यातून वजा होतात. उरले ७२ हजार. हे ७२ हजार त्याने २० मेपर्यंत सरकारजमा करायचे. उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर रिटर्न तिमाही भरायची सोय आहे, पण पैसे दर महिन्याला भरावेच लागतात, एप्रिलसाठी तारीख फक्त २५ मे होते.

मोठी कंपनी मात्र पैसे देते २९ जुलैला. म्हणजे सरकारचे पैसे देऊन ७० दिवस झाल्यावर त्याचे स्वतःचे पैसे हातात येतात. कारण जीएसटी बिलावर लागतो, वसुलीवर नाही. बिल फाडलं की कर देणं लागलं, मग समोरचा चार महिन्यांनी देवो, वर्षाने देवो किंवा कधीच न देवो.

आयकराचं तसं नाही. तो नफ्यावर असतो, त्यामुळे धंदा तोट्यात गेला की त्याचा भारही उतरतो. उधारी बुडाली आणि वहीतून खोडली तर आयकरात ती खर्च म्हणून वजा मिळते. जीएसटीत अशी सोय नाही. माल परत आला, कमी निघाला, खराब निघाला किंवा दर कमी करावा लागला तर क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारा कागद, काढता येते. पार्टीने पैसेच बुडवले तर नाही. वर गंमत अशी की, घेणाऱ्याने १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याने घेतलेलं क्रेडिटही त्याला व्याजासह परत करावं लागतं. म्हणजे एकाच मालावर सरकार विकणाऱ्याकडून कर घेतं आणि घेणाऱ्याचं क्रेडिटही काढून घेतं. बुडतो तो फक्त शिरोलीवाला.

जीएसटी खात्याची बाजूही ऐकायला हवी, कारण ती पोकळ नाही. खातं म्हणतं, हा पैसा व्यापाऱ्याचा नाहीच. गिऱ्हाइकाकडून सरकारच्या वतीने गोळा केलेला तो ठेवीचा पैसा आहे, त्यातून पगार करणं म्हणजे दुसऱ्याच्या पैशावर धंदा करणं. रोख गल्ल्यावर चालणाऱ्या दुकानाला हे शंभर टक्के लागू आहे. हॉटेलात बिल भरताना गिऱ्हाईक कर मोजून देतं, तो खिशात घालणाऱ्याची बाजू मी तरी घेणार नाही. पण शिरोलीवाल्याने कर "गोळा" केलेलाच नाही, त्याने फक्त बिलावर लिहिलाय.

व्याज हे खरं दुखणं नाही

उशिराबद्दल वर्षाला १८ टक्के व्याज. वरच्या उदाहरणात ७२ हजारांवर ७० दिवसांचे साधारण २,४८५ रुपये. शिवाय विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये, पण दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्याला ते एका रिटर्नमागे २ हजारांच्या वर जात नाही. आकडे पाहून कुणालाही वाटेल, यात काय एवढं? तारण नको, जामीनदार नको, बँकेच्या मॅनेजरचं तोंड बघायला नको. म्हणूनच अडचणीतला माणूस सगळ्यात आधी जीएसटी थांबवतो. पगार थांबवला तर कामगार जातो, लोखंडवाल्याचे थांबवले तर माल बंद होतो, वीजबिल थांबवलं तर मशीन. जीएसटी थांबवला तर त्या दिवशी काहीच होत नाही.

होतं ते पुढच्या महिन्यात. जीएसटीत मुख्यतः दोन रिटर्न असतात. जीएसटीआर-१ म्हणजे मी काय विकलं याची यादी, आणि ३बी म्हणजे मी किती कर देणं लागतो त्याचा हिशेब. पोर्टल पूर्ण कर भरल्याशिवाय ३बी स्वीकारत नाही. "यातले ४० हजार आत्ता घ्या, बाकीचे पुढच्या महिन्यात" असं सांगायला त्या पडद्यावर जागाच नाही. आणि एप्रिलची ३बी राहिली की मे महिन्याची जीएसटीआर-१ भरता येत नाही.

इथे फास बसतो. जीएसटीआर-१ गेली नाही म्हणजे मे महिन्यातली बिलं मोठ्या कंपनीच्या २बी मध्ये, म्हणजे तिच्या क्रेडिटच्या यादीत, दिसत नाहीत. तिथला अकाउंट्सवाला फोन करतो, "तुमची बिलं दिसत नाहीयेत, जीएसटीची रक्कम होल्डवर टाकतोय." कधी फक्त जीएसटी अडकतो, कधी पूर्ण पेमेंट. म्हणजे ज्या पेमेंटची वाट बघत कर थांबवला, तेच पेमेंट कर थांबवल्यामुळे अडलं. सलग दोन महिने ३बी नाही, तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीसाठी लागणारा ऑनलाइन कागद, निघणं बंद, आणि त्याशिवाय माल गाडीत चढवणं म्हणजे रस्त्यात गाडी अडकवून घेणं. मासिक रिटर्न भरणाऱ्याने सलग सहा महिने, तिमाहीवाल्याने दोन तिमाही भरली नाहीत तर नोंदणीच रद्द होऊ शकते. ती परत चालू करून घ्यायला ९० दिवसांत अर्ज करायचा, आणि त्याआधी थकलेली सगळी रिटर्न करासकट, व्याजासकट भरायची.

मला यात सगळ्यात खटकतं ते हे की, या साखळीत कुठेही माणूस निर्णय घेत नाही. अधिकाऱ्याने तुमच्याबद्दल काहीही मत बनवायच्या आधी संगणकाने तुमचा धंदा अर्धा थांबवलेला असतो.

खरं सांगितलं म्हणून

आता वसुली, म्हणजे या विषयाचा गाभा. यासाठी दोन व्यापारी घेऊ.

पहिल्याने विक्री लपवली. तपासात सापडला. त्याला कारणे दाखवा नोटीस येते, उत्तर द्यायला वेळ मिळतो, सुनावणी होते, मग आदेश होतो. आदेशानंतर पैसे भरायला तीन महिने. पटलं नाही तर वादातल्या कराच्या १० टक्के भरून अपील, आणि अपील दाखल झालं की बाकीची वसुली थांबते. अपील हरला किंवा केलंच नाही, तरी जीएसटी कायद्याच्या कलम ८० खाली डीआरसी-२० या अर्जावर आयुक्त त्याला जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते बांधून देऊ शकतात. व्याज चालू राहतं, एक हप्ता चुकला की सगळी बाकी एकदम देय होते, पण वाट आहे.

दुसरा आपला शिरोलीवाला. त्याने एकही बिल लपवलं नाही. जीएसटीआर-१ वेळेवर भरून स्वतःच सांगितलं की मी एवढं विकलं. पैसे नव्हते म्हणून ३बी राहिली. कायद्याच्या भाषेत हा "स्वतः ठरवलेला" कर. त्याला नोटीस, सुनावणी, आदेश यातलं काही द्यायची सक्ती नाही, कलम ७५(१२) नुसार थेट वसुली करता येते. १ जानेवारी २०२२ पासून तर जीएसटीआर-१ मध्ये दाखवलेली पण ३बी मध्ये न आलेली विक्रीसुद्धा याच व्याख्येत घातली आहे. आणि कलम ८० च्या हप्त्यांमधून नेमकी हीच रक्कम शब्द घालून वगळलेली आहे.

थोडक्यात, लपवून सापडलेल्याला हप्ते मिळू शकतात, आपणहून सांगितलेल्याला नाहीत. पहिल्याला दंड लागतो, दुसऱ्याला सहसा नाही, हा फरक मान्य. पण ज्याच्या खिशात आज ७२ हजार नाहीत त्याला दंडमाफीपेक्षा सहा महिने जास्त महत्त्वाचे असतात. कायदा करणाऱ्यांचा विचार असा असावा की, स्वतः कबूल केलेल्या रकमेवर वाद कसला, आणि वाद नाही तर वेळ कशाला? वाद नसणं आणि पैसे असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच त्यात सुटलं.

खात्यालाही थेट वसुलीचा कडकपणा जाणवला असावा. ७ जानेवारी २०२२ ला केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने अधिकाऱ्यांना सूचना दिली की, दोन रिटर्नमध्ये तफावत दिसली तर आधी व्यापाऱ्याला विचारा, मग वसुलीला लागा. पुढे नियम ८८सी आला. त्याखाली मोठी तफावत असेल तर पोर्टलवरून डीआरसी-०१बी हे विचारणापत्र येतं आणि सात दिवसांत एकतर पैसे भरायचे किंवा कारण लिहायचं. मे २०२४ मध्ये आणखी एक सूचना आली. आदेशानंतरचे तीन महिने संपायच्या आत वसुली करायची असेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याने तशी कारणं लेखी नोंदवली पाहिजेत. म्हणजे पूर्वी काय चालत होतं याचा अंदाज या सूचनांवरूनच येतो.

वसुली म्हणजे प्रत्यक्षात काय? कलम ७९ मध्ये पायऱ्या आहेत. तुमचा काही परतावा देणं असेल तर त्यातून कापणं. खात्याच्या ताब्यातला तुमचा माल विकणं. स्थावर-जंगम मालमत्ता जप्त करणं. जमीन महसुलाची थकबाकी समजून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करणं, यात सातबाऱ्यावर बोजा चढण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. पण सर्वात जास्त वापरली जाते ती डीआरसी-१३ ची नोटीस. ती तुम्हाला नाही, तुमच्या बँकेला जाते. बँकेने तुमच्या खात्यातली रक्कम सरकारला द्यायची. तीच नोटीस तुमच्या गिऱ्हाइकालाही जाऊ शकते, की यांचं देणं परस्पर आम्हाला द्या. छोट्या पुरवठादाराला बँक खातं गोठण्यापेक्षा ही दुसरी जास्त लागते. पैसे जातात ते जातात, पण मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात तुमचं नाव "अडचणीतली पार्टी" म्हणून लागतं आणि पुढची ऑर्डर दुसऱ्याला जाते.

आणखी एक जप्ती आहे, तिची गल्लत होते. कलम ८३ खालची तात्पुरती जप्ती ही थकबाकी ठरायच्या आधीच, तपास चालू असताना, महसुलाचं रक्षण म्हणून केली जाते आणि एक वर्षाने आपोआप संपते. २०२१ मध्ये राधाकृष्ण इंडस्ट्रीज विरुद्ध हिमाचल प्रदेश या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार कठोर आहे, तो ठोस आधार असल्याशिवाय वापरायचा नाही, असं स्पष्ट सांगितलं. कॅश क्रेडिट खातं या कलमाखाली गोठवता येत नाही, असं काही उच्च न्यायालयांनी म्हटलं आहे, कारण त्यात तुमचे पैसे नसतातच, बँकेचं कर्ज असतं. बँक खातं अडकलं तर आधी कुठल्या कलमाखाली अडकलं ते विचारा, उपाय त्यावर ठरतो.

तुरुंगाची भीती घालणारे पुष्कळ भेटतात. गोळा केलेला कर मुदतीनंतर तीन महिन्यांहून जास्त काळ न भरणं हा गुन्हा आहे हे खरं, पण खटल्यासाठी रक्कम २ कोटींच्या वर लागते. शिरोलीवाल्याने यावर झोप घालवू नये. धंदा प्रोप्रायटरी असेल तर घर-दार धोक्यात असतं, ही काळजी जास्त खरी. प्रायव्हेट लिमिटेड असली तरी सुटका नाही. कंपनीकडून वसूल झालं नाही तर कलम ८९ खाली संचालकांवर येतं, आणि आपला निष्काळजीपणा नव्हता हे सिद्ध करायची जबाबदारी संचालकाची.

कंपनी बुडालीच तर? दिवाळखोरी संहितेत सरकारी देणी बरीच खाली आहेत. प्रक्रियेचा खर्च, कामगार आणि तारणी कर्जदाते, इतर कर्मचारी, बिनतारणी वित्तीय कर्जं, आणि त्यानंतर सरकार. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या घनश्याम मिश्रा निकालाने हेही ठरवलं की, कंपनी वाचवण्याच्या मंजूर आराखड्यात नसलेली जुनी सरकारी देणी संपतात. २०२२ च्या रेनबो पेपर्स निकालाने गुजरातच्या व्हॅट खात्याला तारणी कर्जदात्याच्या रांगेत बसवून गोंधळ उडवला होता, तो वर्षभरात दुसऱ्या निकालाने त्या खटल्यापुरता मर्यादित केला. पण हा सगळा कंपन्यांचा खेळ. प्रोप्रायटर आणि साध्या भागीदारीला या संहितेचा दरवाजा अजून प्रत्यक्षात उघडलेला नाही.

अभय कुणाला

मग अभय योजना? महाराष्ट्राने जुन्या विक्रीकर-व्हॅटच्या थकबाकीसाठी २०१९, २०२२ आणि २०२३ मध्ये अशा योजना आणल्या. २०२३ च्या योजनेत २ लाखांपर्यंतची थकबाकी सरळ माफ झाली आणि ५० लाखांपर्यंत असलेल्यांना २० टक्के भरून मोकळं होता आलं. जीएसटीतही कलम १२८ए आणून २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांच्या मागण्यांचा मूळ कर ३१ मार्च २०२५ पर्यंत भरणाऱ्यांना व्याज आणि दंड माफ केला. या योजना चांगल्याच, कोर्टातली भिजत पडलेली प्रकरणं मिटतात. पण नीट पाहिलं तर त्या प्रामुख्याने जुन्या वादांसाठी असतात. आज पेमेंट अडकलेल्याला त्यांचा उपयोग नाही. उलट वेळेवर भरणारा मनात म्हणतो, मीही थांबलो असतो तर बरं झालं असतं.

इतर देशांत याचं उत्तर वेगळं शोधलं गेलंय. ब्रिटनमध्ये अडचणीतली कंपनी कर खात्याला फोन करून हप्ते ठरवून घेऊ शकते, आणि सहा महिने न आलेली उधारी खोडली तर तिच्यावरचा व्हॅट परत मिळतो. आयर्लंडने कोविडमध्ये धंद्यांची करथकबाकी बाजूला ठेवू दिली, तिच्यावरचं व्याज २०२४ मध्ये शून्यावर आणलं आणि मग काही वर्षांच्या मुदतीचे हप्ते बांधून दिले. पण एवढं लांब जायची गरज नाही. आपल्याच जुन्या सेवाकरात वैयक्तिक आणि भागीदारी धंद्यांना वर्षाला ५० लाखांपर्यंतच्या सेवांवर कर पैसे आल्यावर भरायची मुभा होती. जीएसटी आला आणि ती गेली. आता हप्ते हवे असतील तर उच्च न्यायालयात जावं लागतं. कोविडकाळात केरळ उच्च न्यायालयाने काहींना अशा कबूल केलेल्या करावरही हप्ते दिले होते. ७२ हजारांसाठी उच्च न्यायालयात कोण जाईल, हा प्रश्न आहेच.

तर शिरोलीवाल्याने काय करावं? पहिली गोष्ट कंटाळवाणी आहे, पण सांगतोच. जीएसटी पोर्टलवर आपला मोबाइल आणि ई-मेल आहे का ते बघावं. नोंदणी करताना कन्सल्टंटचा घातलेला असतो, कन्सल्टंट बदलतो, आणि नोटिसा जुन्या मेलवर जात राहतात. नोटीस घरी पोस्टाने येईलच असं नाही, ती पोर्टलवर टाकली की कायद्याने पोचली. "अतिरिक्त नोटिसा" नावाचा वेगळा कप्पा असतो, तो न उघडल्यामुळे लोकांच्या अपिलाच्या मुदती गेल्या आहेत. नोटिशीला उत्तर द्यावं, मग ते "पैसे अडकलेत, या पार्टीचं एवढं येणं आहे, ही बिलं" इतकं साधं का असेना. ई-वे बिल अडलं असेल तर कारण देऊन ते उघडून मिळायची तरतूद नियमात आहे, अर्ज करायला हवा.

दुसरं, अडकलेल्या पेमेंटच्या मागे कायदा लावावा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते. गिऱ्हाईक दुखावेल म्हणून बहुतेकजण ती करत नाहीत, आणि ते समजण्यासारखं आहे. त्यापेक्षा टीआरईडीएस हा ऑनलाइन मंच सौम्य मार्ग. मोठ्या कंपनीने बिल मान्य केलं की बँका त्यावर आधी पैसे देतात. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्यावर नोंदणी सक्तीची झाली आहे, त्यामुळे "आम्ही त्यावर नाही" हे उत्तर आता चालू नये.

आणि २० तारीख आलीच, पैसे पुरे नाहीत, तर? सवय अशी असते की पुरे नाहीत ना, मग काहीच भरायचं नाही. जुलै २०२४ मध्ये नियमात एक छोटा बदल झालाय, तो फार जणांना माहीत नाही. मुदतीच्या आत जेवढी रक्कम चलनाने आपल्या रोख खातेवहीत, म्हणजे पोर्टलवरच्या कॅश लेजरमध्ये, टाकली आणि रिटर्न भरेपर्यंत तशीच ठेवली, तेवढ्यावर पुढे व्याज लागत नाही. ३बी तेव्हाही जाणार नाही, ती पूर्ण रक्कम झाल्यावरच जाईल, आणि वर सांगितलेली साखळीही थांबणार नाही. पण ७२ हजारांपैकी ४० हजार २० मेच्या आत टाकले तर २९ जुलैला व्याज फक्त उरलेल्या ३२ हजारांवर, म्हणजे साधारण १,१०५ रुपये. शिवाय पार्टीचा चेक आला की जमवायचे राहतात ३२ हजार, ७२ नाही.